‘मॅडमचं लग्न झालं नाही, लेकरांचं काय सांगतात?’

(बालवाडी, अंगणवाडी आणि शिशुवर्ग चालवणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या ताईंनी आधी सेविका, मग मुख्यसेविका (म्हणजे पर्यवेक्षिका) आणि शेवटी प्रशिक्षक म्हणून काम केलं आहे.)

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे. एमएसडब्ल्यू केलं, परीक्षा देऊन मुख्यसेविका झाले आणि पहिलीच नेमणूक आदिवासी तालुक्यात मिळाली. बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, चोवीस अंगणवाड्या आहेत. निम्म्या सेविकांची नोकरी माझ्या वयाएवढी जुनी. बीट मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की मागे कुजबुज सुरू होते. परवा बालशिक्षणाबद्दल सांगत होते, तर एक ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, ‘मॅडमचं अजून लग्न झालं नाही, लेकरांचं काय सांगतात?’ सगळ्या हसल्या. वरिष्ठांना फक्त पोषण ट्रॅकर या नोंदींच्या ॲपमधले आकडे हवे असतात. एका सहकाऱ्यानं सुचवलं की दोघी-तिघींना कारणे दाखवा नोटीस द्या, बाकीच्या आपोआप सरळ होतील. मला खमकं व्हायचंय, पण तो माझा स्वभाव नाही. काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
– एक मुख्यसेविका, उत्तर महाराष्ट्र

उत्तर : नोटिशीचं आधी सांगते. देऊ नकोस. आहाराच्या धान्यात हात मारणं, मुलाला मारणं, केंद्राला कुलूप लावून घरी बसून हजेरी भरणं, या तीन गोष्टींसाठी नोटीस राखून ठेव. तिथे मात्र हयगय करू नकोस. हसल्याबद्दल नोटीस दिलीस तर चोवीस गावांत एकच निरोप जाईल : नव्या मॅडमला टोमणा झोंबतो. मग तर रोजच टोमणे येतील.

आणि खमकं होण्याचा नाद सोड. आमच्या खात्यात व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं भरवायची एक साथ मध्यंतरी आली होती. पाठ ताठ ठेवा, आवाज खालच्या पट्टीत लावा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. बोलावं ना, कोण नको म्हणतं? पण ताठ पाठीनं बाळाची उंची चुकीची घेतली तर ती चुकीचीच राहते, आणि वीस वर्षं काम केलेल्या सेविकेच्या ते एका नजरेत लक्षात येतं.

सेविका तुझी परीक्षा कशात घेते, ते ऐक. तू केंद्रात शिरलीस की ती तुझ्याकडे बघत नाही, तू कुठे बसतेस तिकडे बघते. बहुतेक मॅडम खुर्चीत बसतात, ‘रजिस्टर आणा’ म्हणतात, शेरेबुकात दोन ओळी लिहितात, चहा घेतात आणि पुढच्या गावाला जातात. मुलं तेवढा वेळ हाताची घडी घालून बसवलेली असतात. साहेब गेल्यावर खरी अंगणवाडी सुरू होते. तू चप्पल बाहेर काढ आणि सतरंजीवर मुलांत जाऊन बस. निदान अर्धा तास रजिस्टर मागू नकोस. पहिल्या भेटीत सेविका गोंधळेल, कारण तिनं रजिस्टरं पुढ्यात मांडूनच ठेवलेली असतील. दुसऱ्या भेटीत सावरेल. तिसऱ्या भेटीत ती तुला स्वतःहून सांगेल की त्या कोपऱ्यातल्या मुलाचं बघा, हा आठ दिवस जेवत नाही.

नुसतं बसून भागणार नाही, हातानं काम यायला हवं. पुस्तकात वाचलेलं पहिल्या महिनाभरात हातात आण. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, दोन वर्षांवरच्या मुलाची उंची उभं करून. लहान बाळाला नाइलाजानं उभं करून मोजलं तर मापात ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. हे तुला पाठ असेल. पण बाळ रडत असताना, आई घाबरलेली असताना, एकीनं डोकं धरायचं आणि दुसरीनं गुडघे सरळ करून तळव्याला फळी लावायची, हे तू स्वतः केलंयस का? दंडाची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल अतितीव्र कुपोषित, हे सगळ्या बीटला माहीत आहे. पण पट्टी दंडाच्या नेमक्या मध्यावर बसवणं, ती आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही, आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज आहे का ते बघणं, हे करताना हात थरथरला तर सेविकेला दिसतं. तिच्या शेजारी बसून तिच्याकडूनच शिकून घे. ‘ताई, मला एकदा दाखवता?’ असं विचारण्यानं मॅडमपण कमी होत नाही. उलट तिच्या वीस वर्षांना पहिल्यांदा कुणीतरी किंमत दिलेली असते.

आता बालशिक्षणाकडे येते. तुझं भाषण तिथेच अडखळलं. सेविकांना ‘बालशिक्षण’ म्हटलं की आणखी एक प्रशिक्षण, आणखी एक रजिस्टर एवढंच समोर येतं. आपल्या राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आला, २०२४ मध्ये केंद्र सरकारची ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ आणि त्याहून लहानांसाठी ‘नवचेतना’ आली. सगळी कामाची पुस्तकं आहेत, मी वाचली आहेत. पण बीट मीटिंगमध्ये त्यातली पानं वाचून दाखवलीस तर मागच्या रांगेत शेंगा फोडणं सुरू होईल. त्यांच्याच केंद्रात, त्यांच्याच मुलात काहीतरी दिसलं पाहिजे, आणि ते तू पाहिलेलं असलं पाहिजे.

एक प्रसंग सांगते. माझ्या बीटमधल्या एका पाड्यावर साडेचार वर्षांची एक मुलगी होती. सेविका म्हणाली, ‘मॅडम, हिचं नाव यादीत आहे, पण ही बोलतच नाही. डोक्यानं कमी आहे.’ मी नुसती बसून राहिले. गाण्याला मुलगी गप्प. ‘हा रंग कोणता?’ गप्प. चित्रातला हत्ती दाखवला, तर माझ्याकडेच बघत बसली. मग जेवणाची वेळ झाली. मदतनीस बाई त्याच पाड्यावरची. तिनं खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता घरच्या बोलीत त्या मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी उठली, रांगेतल्या मुलांवरून एकदा नजर फिरवली, ताटल्यांच्या ढिगाकडे गेली आणि ताटल्या आणून एकेकापुढे ठेवत गेली. शेवटच्या मुलाला ताटली कमी पडली. ती परत गेली आणि एकच ताटली घेऊन आली. दोन आणल्या नाहीत, ढीगही उचलून आणला नाही. एकच आणली.

एकास एक जोडणं, किती कमी पडलं ते ओळखणं, हेच पुढे गणित होतं. ती मुलगी डोक्यानं कमी नव्हती. तिला आमची शाळेची मराठी कळत नव्हती, एवढंच. तीन-चार वर्षांच्या मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावं, हे २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही छापलंय. पण त्या पाड्यावर आराखडा कुणाला ठाऊक होता? ताटल्या मात्र सगळ्यांच्या समोर वाढल्या गेल्या होत्या.

सेविकेला मी तिथे काही बोलले नाही. मदतनिसाच्या देखत बोलले असते तर ती दुखावली असती. दोघींशी बोलून एवढंच ठरवलं की रोजची गोष्ट मदतनीस बाईंनी बोलीत सांगायची, आणि मग तीच गोष्ट सेविकेनं मराठीत. पुढच्या बीट मीटिंगला मदतनिसालाही बोलावून घेतलं, एरवी त्यांना कोण बोलावतं? ताटल्यांचा किस्सा सेविकेलाच सांगायला लावला. ती उभी राहिली आणि अगदी रंगवून सांगितला. त्यानंतर बाकीच्या आपापल्या केंद्रातल्या गप्प मुलांबद्दल बोलायला लागल्या. त्या दिवशी बालशिक्षणावर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याही भाषणानं झाली नसती. मी फार तर चार वाक्यं बोलले असेन.

तुझ्या हुद्द्याचा मान असाच येतो, बाई. दुसरीला दिसलेलं तिच्या नावावर चारचौघांत मांडायचं. सेविका हे विसरत नाहीत. उलटंही विसरत नाहीत : त्यांनी शोधलेली युक्ती आपल्या नावानं तालुक्याला सांगणारी मॅडम त्यांना पुरती ठाऊक असते.

लग्नाच्या टोमण्याचं काय करायचं? चिडू नकोस आणि हसून सोडूही नकोस. पुढच्या मीटिंगला अनुताई वाघांची गोष्ट सांग. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुन्हा लग्न नाही, मूलबाळ नाही. पुण्यात शाळेत शिकवत होत्या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तेव्हा अनुताई तिथे गेल्या. वय पस्तीस, बालवाडीचं काम नवीन. पुढे कोसबादच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत त्यांनी उभं आयुष्य काढलं, १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण ज्या अंगणवाडीत नोकरी करतो तिचं बी ज्यांनी पेरलं, त्यांच्यातल्या एकीला स्वतःचं लेकरू नव्हतं. हे शांतपणे सांग आणि लगेच पुढच्या विषयाला लाग. त्या ताईंकडे बघत थांबू नकोस. थांबलीस तर भांडण, पुढे गेलीस तर माहिती.

ताराबाईंचंही लक्षात ठेव, कारण तुझी अडचण त्यांच्या वाट्याला आली होती. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केलेला, दादरचं शिशुविहार चालवलेलं. एवढं नाव घेऊन पन्नाशी उलटलेल्या ताराबाई बोर्डीला आल्या. गोरगरिबांच्या वस्तीत त्या नावाला कोण विचारतं? मुलं बालवाडीत येईनात. आई-बाप कामावर, मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी. मग बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. नखं काढायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. ज्या बाईला सगळा देश बालशिक्षणातली जाणकार म्हणत होता, तिनं वस्तीत पाय रोवला तो नखं काढून. तुझ्याकडे एमएसडब्ल्यूची पदवी आहे, चांगली गोष्ट आहे, पण नेलकटरही पिशवीत ठेव.

सेविकांच्या अडचणींबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, ते मला खटकलं. केंद्राचं भाडं थकलेलं असतं, मोबाइल अडकतो आणि ट्रॅकरमध्ये फोटो चढत नाही, टीएचआर (घरी न्यायचा कोरडा आहार) उशिरा येतं आणि शिव्या सेविकेला बसतात. बीट मीटिंगची पहिली पंधरा मिनिटं यालाच दे. लिहून घे, त्यांच्यासमोर पत्राचा मसुदा कर, प्रकल्प कार्यालयात आवक क्रमांकासह दे. पुढच्या मीटिंगला त्या पत्राचं काय झालं ते सांग. काहीच झालं नसेल तर ‘काही झालं नाही, आज पुन्हा स्मरणपत्र दिलं’ असं सांग. ‘बघते, करते’ म्हणणाऱ्या मॅडम त्यांनी ढिगानं पाहिल्यात. नकार का होईना, तो परत येऊन सांगणारी क्वचितच भेटते. आणि ज्येष्ठ सेविकांकडून एक गोष्ट आवर्जून मागून घे : दिवाळीनंतर कोणती घरं वीटभट्टीला किंवा ऊसतोडीला जातात, कुणाबरोबर जातात, मुलं कुणाकडे राहतात. पूर्ण वजनाची नोंद असलेलं मूल तीन महिन्यांनी सॅममध्ये, म्हणजे अतितीव्र कुपोषितांत, का सापडतं, याचं उत्तर त्या यादीत असतं. ती यादी कुठल्याही ॲपच्या आधी त्यांच्या डोक्यात तयार असते.

वरिष्ठांना आकडे हवेत, तर आकडे दे. वेळेवर दे, चोख दे. त्यात कुचराई केलीस तर बाकी काही बोलायचा तुला हक्क राहत नाही. पण मासिक अहवालाला अर्धं पान आपल्याकडून जोड : या महिन्यात एका केंद्रात काय बदललं, कशानं बदललं, सेविकेचं नाव. तालुक्याच्या बैठकीत तुला बोलायला मिळणारी दोन मिनिटं त्याच अर्ध्या पानावर खर्च कर. पहिल्या दोन-तीन बैठकांत कुणी मान वर करणार नाही. पुढे एखादे दिवशी झेडपीतून कुणी भेटीला येणार असेल तेव्हा ‘दाखवण्यासारखं केंद्र कुठलं?’ म्हणून फोन तुलाच येईल. तेव्हा आधी सेविकेला विचार, मग हो म्हण.

प्रश्न : नाशिकच्या एका नव्या वस्तीत मी घराच्या तळमजल्यावर शिशुवर्ग चालवते. चाळीस मुलं, तीन शिक्षिका. मी बालशिक्षणाची पदविका केली आहे, खेळातून शिकवते. पण पालक म्हणतात, ‘समोरच्या नर्सरीत ज्युनिअरची मुलं वाक्यं लिहितात, आमचा अजून चिखलाचे लाडू करतो. पहिलीच्या इंटरव्ह्यूला काय सांगायचं?’ गेल्या वर्षी पाच मुलं काढून नेली. मला माझी बाजू ठामपणे मांडता येत नाही, बोलताना आवाज बसतो. आता वाटतं, द्यावी वही-पेन्सिल आणि सुटावं.
– एक संचालिका

उत्तर : वही-पेन्सिल देऊन सुटका होणार नाही. पुढच्या वर्षी तेच पालक विचारतील की समोरची मुलं इंग्रजीत निबंध लिहितात, तुमची का नाही.

आवाज बसतो, कारण तुम्ही तत्त्व सांगायला जाता आणि पालक मुलाबद्दल विचारत असतात. ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द पालकांसमोर उच्चारूच नका. प्रत्येक मुलाचा एक मोठा लिफाफा करा. महिन्यातून एक चित्र, मागे तारीख आणि मूल काय म्हणालं ती ओळ. जूनचं चित्र म्हणजे नुसती गिरगिट. ऑगस्टमध्ये रेघ वळायला लागते. मग एके दिवशी गोल बंद होतो, जिथे सुरू केला तिथेच येऊन मिळतो. दिवाळीनंतर त्या गोलाला दोन डोळे येतात आणि गोलातूनच खाली दोन पाय फुटतात. पोट नाही, मान नाही, डोक्यालाच पाय. पालक हसतात. हसू द्या. मग सांगा : साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल उतरवतं, चौथ्याला अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण यायला पाच-सहा वर्षं लागतात, कारण तिरकी रेघ सगळ्यात अवघड. आता देवनागरी बघा. ‘क’ मध्ये किती वळणं आहेत, ‘र’ ची रेघ कशी तिरकी जाते? त्रिकोण न जमणाऱ्या हातात पेन्सिल कोंबली की तो बोटं आवळतो, मनगट अडकतं, आणि पुढे तिसरी-चौथीत हात दुखतो म्हणून लिहायला टाळतो. चिखलाचे लाडू वळताना तळवा, बोटं, मनगट सगळं लिहायच्याच तयारीला लागलेलं असतं. हे बोलताना त्यांच्याच मुलाचा लिफाफा उघडा असला की आवाज बसत नाही, करून बघा.

इंटरव्ह्यूच्या भीतीवर तुमच्याकडे पक्कं उत्तर हवं. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १३ : शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी परीक्षा घेता येत नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि त्यापुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. तरीही ‘सहज गप्पा मारू’ म्हणत काही शाळा मुलाखत घेतात, हे मलाही दिसतं. तिथे टिकणारं मूल कोणतं? जे अनोळखी माणसाशी बोलतं, विचारलेलं समजून घेतं, न घाबरता ‘मला माहीत नाही’ म्हणतं. ते वाक्यं गिरवून येत नाही. शिवाय २०२० चं शैक्षणिक धोरण ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरतं आणि त्याखालचा २०२२ चा अभ्यासक्रम आराखडा सांगतो की ३ ते ६ वर्षांच्या मुलांना ठरलेलं पाठ्यपुस्तकच नको. हे मुद्दे कागदावर छापून दाराशी लावू नका, कुणी वाचत नाही. प्रवेशाच्या वेळी पालक समोर बसले असताना सांगा. फी घेण्याआधी सांगा.

फी घेण्याआधी का, तर काही पालकांना तुमचा वर्ग नकोच असतो, आणि ते जूनमध्ये कळलेलं बरं. ‘आमच्याकडे सीनियरच्या दुसऱ्या सत्रापर्यंत वहीत लिहून घेत नाही. तुम्हाला ते हवं असेल तर समोरची नर्सरी चांगली आहे.’ हे वाक्य घरी आरशासमोर दहादा म्हणा. पहिल्यांदा बोलताना घशाशी येईल. पाच मुलं गेली, तशी अजून दोन जातील. राहतील ते पालक तुमच्या वतीनं सोसायटीच्या कट्ट्यावर वाद घालतील, आणि त्याला जाहिरातीचा खर्च लागत नाही.

अजून एक. तुम्ही पालकांशी बोलता तेव्हा तुमच्या तीन शिक्षिका कुठे असतात? आतल्या खोलीत मुलांना सांभाळत असतील. पालक रोज भेटतात त्यांना. गेटवर आईनं विचारलं, ‘आज काय केलं?’ आणि शिक्षिका म्हणाली, ‘काही नाही, खेळले’, की तुमचं सगळं मुसळ केरात. आठवड्यातून एकदा तिघींना घेऊन बसा. आज पाण्याच्या खेळात काय झालं, कुणी काय ओतलं, कुणाला अर्धा पेला कळला, हे त्यांनाच सांगायला लावा. महिनाभरात गेटवरचं उत्तर बदलतं : ‘आज तुमच्या आरवनं सांगितलं की लांब ग्लासात पाणी जास्त दिसतं पण आहे तेवढंच.’ (नाव उदाहरणादाखल घेतलंय. हल्ली प्रत्येक वर्गात दोन आरव असतातच.) आणि त्या शिक्षिकांना पगार वेळेवर द्या. दर सहा महिन्यांनी ताई बदलणाऱ्या शिशुवर्गावर पालक विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

प्रश्न : मी बारा वर्षं मदतनीस होते. बारावी झाले, आता त्याच गावात सेविका म्हणून नेमणूक मिळाली. पण गाव अजून मला खिचडीवाली म्हणतं. ग्रामसेवक, सरपंच माझ्याशी बोलत नाहीत, पर्यवेक्षिका मॅडम आल्या की त्यांच्याशीच बोलतात. मुलं मात्र माझी आहेत. मोठ्या माणसांत तोंड उघडत नाही.
– एक सेविका, मराठवाडा

उत्तर : अभिनंदन. बारा वर्षं मदतनिसाचं काम करता करता बारावी करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

खिचडीवाली म्हणतात ते वाईट वाटून घेऊ नका. गावातल्या प्रत्येक घराचं पोर तुमच्या हातचं जेवलेलं आहे, हे भांडवल बाहेरून आलेल्या सेविकेकडे नसतं. फक्त आता तुम्हाला चुलीपलीकडचं काहीतरी गावाला दिसायला हवं. फलकावर स्वतःचं नाव ‘अंगणवाडी सेविका’ असं रंगवून घ्या, खडूनं नको. ग्रामसभेला जा आणि सुरुवातीला भाषण नको, एक कागद वाचा : गावात सहा वर्षांखालची मुलं किती, गेल्या तीन महिन्यांत वजन न वाढलेली किती, केंद्रात पाण्याची सोय आहे की नाही. नावं घेऊ नका, कुपोषित मुलाच्या आईला चारचौघांत खाली बघायला लावू नका. आकडे वाचले की सरपंच काहीतरी विचारेल, आणि त्याला उत्तर देता येणारी त्या सभेत तुम्ही एकट्या असाल. बोलायचं भेव वाटत असेल तर कागद आदल्या रात्री घरी मोठ्यानं वाचून बघा. पहिल्या सभेत कागदावरून मान वर केली नाहीत तरी चालतं. पाण्याचं मागायचं असेल तर तोंडी मागू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामसेवक पोच दिलेलं पत्र विसरत नाही.

पालक मेळाव्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. एखाद्या आईला पुढे बोलावून तिच्याच बाळाबरोबर खेळ दाखवा. रिकामा डबा, चमचा, ओढणी, घरात असतं तेच घ्या. बायका आधी तोंडाला पदर लावून हसतील, मग घरी जाऊन करतील.

आता तुमच्या जागी नवी मदतनीस येईल. बहुधा वयानं लहान, गावातलीच कुणाची तरी सून. तिला चूल, भांडी, धान्याचा डबा हे दुसऱ्या दिवशी दाखवा. पहिल्या दिवशी तिला मुलांमध्ये बसवा आणि सगळ्यांची नावं पाठ करून घ्या.